अपुऱ्या चित्रपटाचे चाहते

‘येणार, येणार’ म्हणून गाजणाऱ्या अ‍ॅनिमेशनपटांची वाट पाहणारे चाहते जगभर आहेत. पण त्यांच्यातले काही अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटांवरही तितकंच प्रेम करतात. ‘द थीफ अँड द कॉबलर’ हा असाच एक चित्रपट.

रिचर्ड विल्यम्स यांनी लंडनमध्ये 1964च्या सुमारास त्याचं काम सुरू केलं. सुरुवात मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टींपासून झाली, पुढे कथा बदलली आणि एक चोर व एक चांभार तिचे नायक झाले. अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला साधारण 12 चित्रं पुरतात. विल्यम्स मात्र बऱ्याच दृश्यांसाठी 24 चित्रं काढण्याचा हट्ट धरत. ज्याचं अ‍ॅनिमेशन त्यांनी केलं होतं, त्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ चित्रपटाच्या यशानंतर त्यांना मोठं भांडवल मिळालं, पण मुदत पाळली गेली नाही. 1992 साली चित्रपट त्यांच्या हातून काढून घेतला गेला. दुसऱ्यांनी तो गाणी घालून, काटछाट करून पूर्ण केला.

चाहत्यांना ते पटलं नाही. 2006 साली एका अमेरिकी चाहत्याने मिळतील ते तुकडे, कच्ची रेखाटनं आणि जुन्या प्रती जोडून विल्यम्स यांच्या मूळ कल्पनेच्या जवळ जाणारी आवृत्ती तयार केली. 2013 साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम्स यांची स्वतःची अपुरी प्रतही दाखवण्यात आली.

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांनी हा अपुरा चित्रपट जरूर अभ्यासावा.