चित्रपटातील शिवी



विषय ऐकताच पुढच्या रांगेतल्या दोघा गृहस्थांनी मुले घरी पाठविली, हे आम्ही पाहिले. तेवढी गरज नव्हती. मुलांनी आमच्याकडून नवे काही शिकावे असे उरलेले नाही. चित्रपट आता त्यांच्या हातातल्या मोबाइलवर येतो.

आम्ही सातवीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण जिनाच्या फाटकावर झाले. तीसएक वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका जिनात मुकादम बायांना शिवीवाचून हाक मारीत नसे. मजुरीवाढीच्याही आधी बायांनी ‘शिवीगाळ बंद करा’ ही मागणी लिहवून घेतली. अर्ज आम्ही लिहिला, आणि सभ्य माणसासारखी शिवीच्या जागी टिंबे दिली. चौकशीच्या साहेबांनी विचारले, “मुकादम म्हणाला तरी काय?” बाया खाली पाहू लागल्या. आम्हीही खाली पाहिले. मुकादम म्हणाला, “हात जरा लौकर चालवा, एवढंच बोललो.” कागदावर तेवढेच उतरले आणि तक्रार निकालात निघाली. आमच्या सभ्यतेने त्याला सोडविले, याची लाज अजून वाटते.

म्हणून चित्रपटातली शिवी सरसकट कापा असे कोणी म्हटले की आम्हांस ती टिंबे आठवतात. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ साली प्रदर्शित झाला. नावच कैकाडी बोलीतले; अर्थ डुक्कर. डुकरे धरणाऱ्या घरातल्या जब्याला गाव हिणवते, हसते, आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. ते हिणवणे गाळले असते तर तो पोरगा उगाच दगड मारणारा ठरला असता, आणि गाव आमच्या मुकादमासारखे सुटले असते.

कात्रीला शब्द सापडतो, हेतू सापडत नाही. दादा कोंडके मुंबईच्या गिरणगावातले, म्हणजे आमच्याच गोतातले. शब्द साधा, अर्थ वाकडा. सेन्सॉरने धरावे काय? आम्ही त्यांना पोट धरून हसलो आहोत, ते आज नाकारीत नाही.

जयंत पवार यांच्या कथेवरून महेश मांजरेकरांनी काढलेला ‘नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा’ जानेवारी २०२२ मध्ये आला. १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावातली ती पोरे. त्याच्या जाहिरातीतील अल्पवयीन मुलांच्या दृश्यांवर राष्ट्रीय महिला आयोगाने आक्षेप घेतला, तो आम्हांस रास्त वाटतो. मुलांकडून काय करवून घ्यावे, याला कलेची सबब पुरत नाही. शिव्यांचे मात्र निराळे. ज्यांच्या बापाची गिरणी गेली, त्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी घालणे खोटेपणाच झाला असता. परंतु शिवी वाक्यागणिक येऊ लागली की ऐकू येईनाशी होते. भोंगा दिवसभर वाजत राहिला तर पाळी सुटली केव्हा, ते कळेल काय?

येथेच थांबलो असतो. पण याच मेळघाटात रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीसाठी सभा होती. बोलण्याच्या भरात आम्ही एका साहेबाच्या आईचा उद्धार केला. टाळ्या पडल्या. सभा उठल्यावर एक कोरकू म्हातारी जवळ आली. म्हणाली, “भाऊ, पैसे सायबानं अडकवले. त्याच्या मायनं काय केलं?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. तेव्हापासून पडद्यावर शिवी आली की ती कोणी दिली याबरोबर ती कोणाच्या माथी पडली, हेही आम्ही पाहतो. समोरच्या गड्याला ती बहुधा लागतच नाही. दूर कोठे चूल फुंकीत बसलेल्या बाईला लागते. नायकाने दिली तर वर शिट्टी वाजते. तशा शिट्ट्या आम्हीही वाजविल्या आहेत. चित्रपट काढणाऱ्यांना दोष देताना ही आमची बाजू झाकून ठेवणे बरे नाही.

जिनाची गोष्ट अर्धी राहिली. पुढल्या हंगामात दुसरा अर्ज दिला, त्यात टिंबे नव्हती. साहेबांपुढे एका बाईने पदर सावरला आणि मुकादमाकडे पाहत ती शिवी सबंध उच्चारली. कारकुनाची लेखणी थांबली. साहेब त्याला म्हणाले, “लिहा.”