चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी सगळ्यांना समजेल असं थोडं बोलावं, असं संयोजकांनी सांगितलं. आपल्यातल्या डॉक्टरांना, वकिलांना, द्राक्षबागायतदारांना हे सोपं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं, की लोक घरचा प्रिंटर दाखवतात! म्हणून माझ्या कामातला एकच भाग सांगतो. तो कुणाला दिसत नाही, पण तुमच्या ठेवी आणि दवाखान्यातल्या नोंदी त्यावर टिकून असतात.

आजकाल कुठलाही प्रोग्रॅम कुणी पहिल्या ओळीपासून स्वतः लिहीत नाही. पावती छापणं, तारीख मोजणं, पासवर्ड तपासणं, यासाठी जगात कुणीतरी लिहून ठेवलेले तयार भाग आम्ही घेतो. त्यांना पॅकेज म्हणतात. ती आणायला पॅकेज मॅनेजर असतो. जावास्क्रिप्टसाठी एनपीएम, पायथनसाठी पिप, पीएचपीसाठी कंपोझर. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची, की सामान हजर. गंमत अशी, की आपण दहा पॅकेजेस मागतो, त्या दहांना आणखी काही लागतात, त्यांना आणखी काही. शेवटी मोजायला बसलं तर शेकडो निघतात.

प्रत्येक पॅकेजला आवृत्तीचा क्रमांक असतो. समजा 4.2.1. शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय. पहिला वाढला, तर जुनं काहीतरी मोडू शकतं, सांभाळा. हा संकेत आहे, कायदा नव्हे, त्यामुळे तो सगळे पाळतातच असं नाही. म्हणून कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती आपण वापरतो, याची वेगळी नोंद ठेवतात. तिला लॉक फाइल म्हणतात.

नाशिककरांना ही नोंद समजावून सांगायला नको. निर्यातीची द्राक्षं असतील तर बागेची नोंदणी होते, अपेडाच्या ग्रेपनेटवर माहिती चढते, आणि परदेशात एखाद्या पेटीत औषधाचा अंश सापडला तर ती कुठल्या बागेतली, हे शोधता येतं. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा काय झालं ते इथल्या अनेकांनी घरात सोसलंय.

आमच्याकडे तशी वेळ डिसेंबर 2021 मध्ये आली. लॉग फोर जे नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये मोठी त्रुटी उघड झाली. बाहेरच्या माणसाला त्यातून थेट सर्व्हरवर ताबा मिळवता येत होता. सगळ्यांना एकच प्रश्न होता, हे आपल्याकडे आहे का, आणि कुठे? ज्यांच्याकडे नोंद होती, त्यांना लगेच शोधता आलं. बाकीचे धुंडाळत बसले. दुरुस्तीसुद्धा एका फटक्यात झाली नाही. त्या एका महिन्यात 2.15.0 पासून 2.17.1 पर्यंत आवृत्त्या काढाव्या लागल्या.

आता घरच्या बाजूचं सांगतो. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सहा वर्षं कुणी बघितलं नव्हतं. संचालक म्हणाले, "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" एनपीएम आउटडेटेड ही आज्ञा दिली. सध्याची आवृत्ती, घेता येण्याजोगी आवृत्ती, सगळ्यात नवी आवृत्ती, असे रकाने समोर आले. काही पॅकेजेस चार-चार मोठ्या आवृत्त्या मागे होती. एनपीएम ऑडिटने ज्ञात त्रुटींची यादी दिली, तीही लांबलचक.

सगळं एकदम अद्ययावत करायची आज्ञा आहे, पण ती आम्ही दिली नाही. आधी बॅकअप घेतला. मग जुन्या ठेवींचं व्याज आणि मुदतीच्या तारखा पैशापैशाने जुळतात का, ते तपासणाऱ्या चाचण्या लिहिल्या. त्यानंतर एकेक पॅकेज वर नेलं आणि दर वेळी चाचण्या चालवल्या. तारखांच्या पॅकेजपाशी त्या अडल्या. ठेवींची मुदत एक दिवस आधी संपत होती. नवी आवृत्ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत धरत होती, आणि आपली मध्यरात्र म्हणजे त्या घड्याळात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. एका दिवसाचं व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या ठेवीदारांत बहुतेक निवृत्त माणसं होती. चाचण्या नसत्या, तर ही चूक आधी त्यांच्या पासबुकात दिसली असती.

हात न लावण्याची किंमत मोठी असते. 2017 मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीची माहिती चोरीला गेली. अपाचे स्ट्रट्सची दुरुस्त आवृत्ती मार्चमध्ये आली होती, चोर शिरले मे महिन्यात. सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली.

याचा अर्थ नवं दिसलं की घ्यायचं, असाही नाही. एक्सझेड या पॅकेजच्या 5.6.0 आणि 5.6.1 या ताज्या आवृत्त्यांतच कुणीतरी चोरदरवाजा पेरल्याचं मार्च 2024 मध्ये उघड झालं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पाठपुरावा करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या तो लक्षात आला. जुन्या, स्थिरावलेल्या आवृत्तीवर थांबलेले वाचले.

म्हणून थोडं थोडं, ठरावीक काळाने, नोंद ठेवून आणि तपासून अद्ययावत करणं, हाच मधला मार्ग. सहा वर्षांचं काम एकदम काढलं तर आठवडे जातात. महिन्याला केलं तर एक दुपार पुरते.

आपल्यातले कितीतरी जण दवाखाने, शाळा, पतसंस्था, कारखाने चालवतात. सॉफ्टवेअर देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. आत काय काय वापरलंय त्याची यादी आहे का? ती शेवटची कधी अद्ययावत केली? केल्यावर काय तपासलं? अशी यादी ठेवण्याबद्दल केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेने 2024 मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत, म्हणजे मागायला संकोच नको.

नवं सॉफ्टवेअर आलं की नारळ फुटतो, पेढे वाटतात. देखभालीचं कुणी उद्घाटन करत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसेही धरले जात नाहीत. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आणि करारात देखभालीची एक ओळ घाला, एवढंच माझं मागणं आहे.