सौर विजेचा घरगुती ताळेबंद



१८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे तिच्या धर्तीवर महाराष्ट्रात गावोगावी ज्या माला रुजल्या, त्यांतीलच ही एक होय. अशा व्यासपीठावर इन्व्हर्टर आणि बॅटरी हा विषय शोभेल की नाही, असा संकोच चालकांच्या मनात होता. माझ्या मनात तो मुळीच नव्हता. ज्या वस्तूवर सामान्य गृहस्थ आपल्या कष्टाचे लाख-दोन लाख रुपये घालतो, जी त्याच्या गच्चीवर आणि जिन्याखाली अहोरात्र राबते, आणि जी बिघडली असता तो सर्वस्वी परक्याच्या शब्दावर विसंबून राहतो, त्या वस्तूचे ज्ञान हे नागरिकाच्या शिक्षणाचेच एक अंग आहे. मला आज जे प्रतिपादन करावयाचे आहे ते इतकेच, की सौर इन्व्हर्टरची उभारणी आणि त्याची दुरुस्ती ही दोन्ही कामे मुळात मोजमापाची आहेत. जेथे मोजले जात नाही तेथे उत्तम यंत्र वाया जाते, आणि निर्दोष भाग भंगारात जातात.

प्रथम एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्य घर योजना जाहीर झाली. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यास १८,००० असे तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचे अनुदान ठरले, आणि दरखास्त, मंजुरी, नेट मीटर हे सोपस्कार उरकून पुष्कळ कुटुंबांनी गच्चीवर पॅनेल उभी केली. पुढे एखाद्या लखलखीत दुपारी महावितरणची वीज जाते, डोक्यावर सूर्य तळपत असतो, आणि तरीही घरातला पंखा थांबतो. तेव्हा आपणास फसविले गेले अशी त्या गृहस्थाची भावना होते. वस्तुतः त्या वेळी यंत्र आपले कर्तव्यच बजावीत असते. बाहेरच्या तारांशी जोडलेला साधा इन्व्हर्टर त्या तारांतील २३० व्होल्टचा आणि ५० आवर्तनांचा ठेका ऐकून आपली वीज त्यात मिसळतो. तो ठेका थांबताच त्यानेही थांबलेच पाहिजे, कारण तो चालू राहिला तर तार मृत आहे अशा विश्वासाने खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाती आपल्या गच्चीवरची वीज पोहोचेल. या बंधनाला तोड अशी, की बॅटरी सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर बसवावा; तो बाहेरच्या तारांशी संबंध तोडून घरापुरता स्वतःचा ठेका निर्माण करतो. अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते; बॅटरीचा भार ज्याचा त्याने सोसावयाचा असतो, आणि म्हणूनच ती किती घ्यावी हा प्रश्न आधी कागदावर सुटला पाहिजे.

हा हिशेब फार थोड्या घरांत मांडला जातो. दुकानदार ‘दीडशेची एक बॅटरी पुरेल’ असे सांगतो आणि गृहस्थ मान डोलावतो. आपण तो येथेच मांडू. जुन्या धाटणीचे तीन पंखे, प्रत्येकी ७५ वॉटचे. ९ वॉटचे सहा दिवे. ८० वॉटचा दूरदर्शन संच आणि १० वॉटचा राउटर, अशी बेरीज ३६९ वॉट होते. आता जमेची बाजू पाहा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास यांचा गुणाकार १,८०० वॉट-तास येतो खरा. परंतु शिशाच्या बॅटरीने दीर्घकाळ साथ द्यावी अशी इच्छा असेल तर तिच्यातील निम्माच साठा नित्य वापरावा, म्हणजे राहिले ९००. त्यातून इन्व्हर्टरमधील घट शेकडा १५ वजा जाता हाती ७६५. त्यास ३६९ ने भागा. उत्तर दोन तासांहून किंचित अधिक येते. शिवाय बॅटरीवर लिहिलेला आकडा तिच्यातून दहा वा वीस तासांत सावकाश वीज काढली तरच खरा ठरतो. घाईने उपसले तर तोही उतरतो. आता त्याच घरात बॅटरी न वाढविता केवळ पंखे बदलून ३० वॉटचे बीएलडीसी पंखे लावले, तर मागणी २३४ वॉटवर येते आणि तीच बॅटरी सव्वातीन तास चालते. नवी बॅटरी घेण्याआधी पंख्यांकडे पाहा, असा सल्ला देणारा विक्रेता विरळा, यास्तव तो मी येथून देतो. पाण्याची मोटर मात्र या हिशेबात घेऊ नये. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट असली, तरी सुरू होण्याच्या क्षणी ती त्याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि इन्व्हर्टर ‘ओव्हरलोड’ म्हणून मान टाकतो. ती उन्हाच्या वेळी, बाहेरच्या विजेवरच चालवावी.

पॅनेलचा विचार त्यामानाने सोपा आहे. महाराष्ट्रात ती दक्षिणाभिमुख, अठरा ते वीस अंश कलती ठेवावीत. एक किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे मिळतात. सावलीविषयी मात्र कडक राहावे. एका माळेत जोडलेल्या पॅनेलांतून एकच प्रवाह वाहत असल्यामुळे पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी तिचा दंड सगळ्या माळेला बसू शकतो. आणखी एक गोष्ट आपल्या प्रांताच्या हवामानाशी निगडित आहे, आणि ती अनुभवी वायरमनही विसरतात. पॅनेलवर छापलेले आकडे २५ अंश तापमानाचे असतात. थंडीत पॅनेलचा विद्युतदाब वाढतो. समजा, मोकळ्या स्थितीत ५० व्होल्ट देणारी दहा पॅनेल एका माळेत घेतली आणि इन्व्हर्टरची कमाल मर्यादाही ५०० व्होल्टच आहे. कागदावर सर्व ठीक दिसते. पण निफाडकडे जानेवारीच्या एखाद्या पहाटे पारा पाच अंशांवर उतरला, की तीच माळ सूर्योदयाबरोबर ५२५ च्या पुढे जाते आणि यंत्राचे आतले भाग जळतात. उलट चंद्रपूरच्या वैशाखात पॅनेलचा पृष्ठभाग सत्तर अंशांपर्यंत तापतो आणि उत्पादन सुमारे सहाव्या हिश्शाने घटते. त्याला बिघाड समजून तक्रार नोंदविण्याचे कारण नाही.

जोडणी करताना क्रम पाळावा. आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. सोडविताना आधी पॅनेलचा डीसी स्विच बंद करावा, मग बॅटरी सोडवावी. चालू उन्हात पॅनेलचे कनेक्टर ओढून काढण्याचे धाडस कोणीही करू नये. घरातील एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी आपोआप विझते. पॅनेलचा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही, आणि त्याची ज्वाला तारा वितळेपर्यंत तेवत राहते. म्हणूनच त्या बाजूस डीसीसाठीच बनविलेला एमसीबी लागतो. घरातला साधा एमसीबी तेथे लावणे हा गंभीर कसूर समजावा. जुन्या वाड्यांत न्यूट्रलचाही बंदोबस्त पाहावा लागतो. इन्व्हर्टरवरील दिव्यांचा न्यूट्रल आणि बाहेरच्या विजेचा न्यूट्रल भिंतीतल्या एखाद्या पेटीत एकत्र बांधलेला असला, तर वीज जाताच आरसीसीबी हा गळतीरक्षक स्विच पडतो. आणि मग इन्व्हर्टर खराब म्हणून तो दुरुस्तीला पाठविला जातो, तेथून ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह परत येतो, आणि घरात पुन्हा तोच प्रकार घडतो.

आता मी माझ्या मुख्य विषयाकडे, म्हणजे दुरुस्तीकडे, वळतो. तालुक्याच्या एका गावातील प्रसूतिगृहात १२ व्होल्टच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्टचा संच केलेला होता. तक्रार अशी, की रात्री वीज गेली की दहा मिनिटांत सगळा अंधार होतो. ज्याने संच बसविला होता त्याने जागेवर येऊन, कशालाही मीटर न लावता, चारही बॅटऱ्या गेल्याचा निर्वाळा दिला आणि नव्या चारांचे अंदाजपत्रक टेबलावर ठेवले. जेथे रात्री-बेरात्री बाळंतपणे होतात तेथील डॉक्टरीणबाई त्यावर सही करण्याच्याच बेतात होत्या, आणि त्यांना दोष देता येणार नाही. मी मल्टिमीटर लावला. विश्रांतीच्या स्थितीत तीन बॅटऱ्या १२.५ दाखवीत होत्या. तिसऱ्या क्रमांकाची मात्र ११.९. मग मेन स्विच बंद करून भार टाकला आणि दर मिनिटाला चौघींची मापे घेतली. तिघी सावकाश बाराच्या खाली येऊन तेथेच स्थिरावल्या. तिसरी मात्र दहा, आठ, आणि शेवटी सहापर्यंत घसरली. चौघींची बेरीज बेचाळिसाच्या खाली गेली आणि इन्व्हर्टरने नियमाप्रमाणे पुरवठा तोडला. तिघी निरोगी होत्या. एकीच्या दुबळेपणामुळे चौघींना शिक्षा होत होती.

परंतु येथे थांबून तिसरी बॅटरी बदलली असती, तर नवीचीही काही महिन्यांत तीच गत झाली असती. कारण ती दुबळी का झाली हा प्रश्न शिल्लकच होता. हायड्रोमीटरने तिच्या सहाही कप्प्यांतील आम्लाची घनता पाहिली: सर्वत्र सारखीच, १.१४०, शेजारणींमध्ये ती १.२४० होती. एखाद-दुसऱ्याच कप्प्यात घट असती तर तो कप्पा निकामी झाला असे म्हटले असते. सहाही कप्पे समान रिते असतील तर बॅटरी शाबूत असून तिला पोटभर अन्न मिळत नाही, असेच अनुमान निघते. शोध घेता कॅमेऱ्यांसाठी १२ व्होल्ट हवेत म्हणून कोणीतरी याच एका बॅटरीवरून दोन बारीक तारा काढून नेल्या होत्या, असे आढळले. संच चौघींना समान भरत होता आणि कॅमेरे एकीलाच अष्टौप्रहर उपसत होते. त्या तारा काढल्या, कॅमेऱ्यांना पूर्ण ४८ व्होल्टवरून १२ करून देणारा छोटा कन्व्हर्टर दिला, आणि तिसऱ्या बॅटरीला स्वतंत्र चार्जरवर मंद प्रवाहाने भरले. घनता १.२२५ पर्यंत चढली. अंदाजपत्रक रद्द झाले. मूळ सल्ल्यामागे लबाडी होती असे मी म्हणणार नाही, तपासाची सवय नव्हती. परंतु ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला या दोहोंतील भेद जाणवत नाही.

तपासाची दुसरी जागा टर्मिनलची. तेथे पांढरट-हिरवा क्षार जमतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. पण वरून स्वच्छ दिसणारा सांधाही आतून सैल असू शकतो, आणि तो डोळ्यांनी सापडत नाही. त्यासाठी भार चालू असताना मीटरची एक टोचणी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच सांध्यातील तारेच्या लुगवर टेकवावी. उत्तर जवळजवळ शून्य यावयास हवे. अर्धा व्होल्ट आला आणि प्रवाह ६० अँपिअर असला, तर ३० वॉट उष्णता त्या बोटभर जागेत कोंडून राहते आहे असे समजावे. सांधा सोडवून, गरम पाण्याने आणि सोड्याने धुऊन, कोरडा करून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. यास खर्च जवळजवळ शून्य लागतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आता घरोघर येत आहेत. त्यांना पाणी लागत नाही आणि त्यांचा साठा बहुतेक सगळा वापरता येतो. आयुष्यही शिशाच्या मानाने पुष्कळ अधिक. मात्र जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून केवळ बॅटरी बदलली जाते तेथे घोटाळा होतो. १६ कप्प्यांची अशी बॅटरी ५६ ते ५७ व्होल्टला भरून होते. इन्व्हर्टर शिशाच्या बॅटरीच्या शिरस्त्याने ‘इक्वलायझेशन’च्या मुदतीत ५८-५९ पर्यंत रेटू पाहतो. एखादा कप्पा मर्यादा ओलांडतो, तेव्हा बॅटरीतील रक्षक मंडल, ज्यास बीएमएस म्हणतात, ते स्वसंरक्षणार्थ संबंध तोडते आणि ऐन दुपारी, सूर्य पूर्ण तेजात असताना, यंत्र बॅटरी नाही म्हणून ओरडते. दोष दोहोंपैकी कोणाचाच नसतो. सेटिंग बदलले की तंटा मिटतो. शिवाय या बॅटरीचा दाब भरलेल्या आणि अर्ध्या स्थितीत जवळजवळ सारखाच राहत असल्यामुळे दाबावरून साठ्याचा अंदाज चुकतो. पडद्यावर साठ टक्के दिसत असताना दिवे गेले, तर बीएमएस आणि इन्व्हर्टर यांना बोलते करणारी केबल जोडली आहे काय, आणि योग्य प्रोटोकॉल निवडला आहे काय, याची आधी खातरजमा करावी.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर सकाळी ‘इन्सुलेशन’चा दोष दाखवून दहाच्या सुमारास आपोआप सुरू होणारे इन्व्हर्टर कोकणात पुष्कळ. पत्र्याच्या कडेवर घासून कापलेल्या तारेत किंवा पाण्यात पडलेल्या कनेक्टरमध्ये त्याचे मूळ असते. ऊन पडून ओल वाळली की दोष लपतो, म्हणून तपास ओल्या सकाळीच, आणि तो जाणकारानेच करावा. याउलट भर दुपारी ‘ग्रिड व्होल्टेज जास्त’ म्हणून बंद पडणाऱ्या यंत्राबाबत इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी एकाच वेळी दाब मोजावा. इन्व्हर्टरपाशी २५५ आणि मीटरपाशी २४५ असेल तर मधली केबल बारीक आहे आणि ती बदलणे मालकाचे काम. दोन्हीकडे २५५ असेल तर महावितरणच्या दप्तरात लेखी तक्रार द्यावी आणि रोहित्राचा टॅप बदलण्याची मागणी करावी. तक्रारीत दोन्ही आकडे, तारीख आणि वेळ घालावी.

चालकांनी येथे टेबलावर एक जुनी बॅटरी, एक मल्टिमीटर आणि एक हायड्रोमीटर ठेवण्याची तजवीज केली आहे. ज्यांना स्वतः माप घेऊन पाहावयाचे असेल त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर पुढे यावे. मात्र हातातील अंगठ्या, बांगड्या आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून खिशात ठेवावे, कारण १२ व्होल्टचा धक्का बसत नसला तरी दोन टर्मिनलांमध्ये अडकलेली अंगठी क्षणात लाल होते. आम्लाचा थेंब उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावा. पाण्याची बादली मी टेबलाखाली ठेवविली आहे.