खंदकातला शिपाई आणि आमची मुले



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका पालकांनी आम्हांस मालाड स्टेशनच्या जिन्यावर गाठले आणि विचारले, "सात-आठ वर्षांच्या पोरांना लढाईच्या खंदकात कशाला नेता?" प्रश्न रास्त होता. परंतु त्यांच्याच चिरंजीवांनी आदल्या दिवशी शाळेच्या अंगणात काठीची बंदूक करून वीस शत्रू लोळवले होते, आणि घंटा होताच ते वीसही मेलेले वीर उठून वर्गात आले होते. तेव्हा लढाई मुलांपर्यंत आधीच पोचलेली आहे. ती खोटी राहू द्यायची की खरी सांगायची, एवढेच आमच्या हाती उरते.

खरी सांगायची म्हणजे रक्तामांसाची वर्णने करायची काय? मुळीच नाही. लहान मुलाला युद्ध कळत नाही, पण दिवस कळतो. शिपाई झोपला कुठे, जेवला काय, त्याचे पाय कोरडे होते का, हे त्याला नेमके कळते.

म्हणून आम्ही अंगणात खडूने खंदक काढतो. मुले विचारतात, "गुरुजी, हा वाकडा का?" आम्ही सांगतो, गोळा एका वळणात फुटला तर त्याचे तुकडे पुढच्या वळणापर्यंत जाऊ नयेत म्हणून. मग त्यात सर्वांना डोके खाली घालून दहा मिनिटे बसवतो. वीरश्री तिसऱ्या मिनिटाला ओसरते! शिपायाचा बहुतेक वेळ लढण्यात नव्हे, वाट पाहण्यात जातो, हा धडा तेथे शब्दांवाचून मिळतो.

दुसरा धडा पायांचा. पावसाळ्यात आपल्या सबवेत पाणी तुंबले की भिजलेले मोजे घालून दिवसभर बसणे काय असते, हे मालाडच्या मुलाला सांगावे लागत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात शिपायांचे पाय दिवसचे दिवस ओले राहून सडत; कित्येकांची बोटे कापावी लागली. त्यावर उपाय साधा होता. पाय पुसायचे, तेल चोळायचे, कोरडे मोजे घालायचे, आणि जोडीजोडीने एकमेकांचे पाय तपासायचे.

परंतु आपल्या माणसांचा खंदक शोधायचा तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले पाहिजे. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिसकाठच्या कूत-अल-अमारा येथे सहावी डिव्हिजन वेढ्यात सापडली. तिचे नावच पूना डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. जानेवारीत नदीला पूर आला आणि पुढच्या खंदकांत पाणी भरले; आपल्यांच्या आणि तुर्कांच्याही. दोघांनाही मागे हटावे लागले. पाण्याला शत्रू-मित्र ठाऊक नसतो, हे मुले येथे स्वतःच बोलून दाखवतात.

पुढे अन्न संपत आले. दळण्यासाठी जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले. घोडे मारून खाण्याची वेळ आली. धर्माच्या भयाने कित्येक शिपायांनी बरेच दिवस त्या मांसाला हात लावला नाही. "तुम्ही काय केले असते?" असे आम्ही विचारतो, आणि उत्तर देत नाही.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. "मग ती घरी आली का?" असे एका मुलीने विचारले. काही आली, फार जण वाटेत आणि बंदिवासात गेले, असे आम्ही सांगितले. तेथे गोड शेवट जोडण्याचा मोह होतो; तो आवरला पाहिजे. मुलाला दुःख पेलते, फसवणूक पेलत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. बसऱ्याच्या स्मारकावर ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही त्यांची नोंद आहे. १९२९ मध्ये ते उभे राहिले तेव्हा भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; साध्या भारतीय शिपायांची पलटणवार केवळ संख्या लिहिली गेली. अशा भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली. हे मुलांना कसे सांगावे? आम्ही एक दिवस हजेरी घेतलीच नाही. "एकतीस मुले हजर," एवढे म्हणून वही मिटली. वर्गात एकच कल्लोळ उठला, "माझे नाव घ्या, माझे नाव घ्या!" नावे घेतली, आणि मग बसऱ्याची गोष्ट सांगितली.

या शिकवणीने मुले शांतिदूत होतात, असा आमचा दावा नाही. दुसऱ्या दिवशी काठीच्या बंदुका पुन्हा निघाल्याच. फक्त त्या धुमश्चक्रीत एक पोरगा आपली बंदूक बाजूला ठेवून सोबत्याचा बूट काढून त्याचे पाय रुमालाने पुसत बसला होता. बाकीच्यांनी त्याला हाक मारली तेव्हा तो म्हणाला, "थांबा, याचे पाय ओले आहेत."

शिपायाला मान द्यायला आम्ही मुलांना शिकवतोच. पण ज्याचे पाय ओले झाले तो माणूस दिसल्यावाचून दिलेला मान पुतळ्याचा असतो.