तहसील कचेरीच्या आवारातला नाईक



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी जे रायगडातल्या माणगावकडचे आहेत, ते उत्पन्नाच्या नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी तिथल्या तहसील कचेरीत गेलेच असतील. त्या आवारात एका सैनिकाचा पुतळा आहे. यशवंत घाडगे, पळसगावचे. दाखल्याच्या रांगेत असताना पुतळ्याकडे कोण बघतं म्हणा!

१० जुलै १९४४, दुसरं महायुद्ध. रोम महिन्यापूर्वीच जर्मनांच्या हातून गेलं होतं. ते उत्तरेकडे हटत होते, पण डोंगर न् डोंगर लढवत. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक घाडगे आपली तुकडी घेऊन निघाले, आणि अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. वय २२.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅसिनोच्या स्मारकावर नाव कोरलं गेलं. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावी त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ बसवलं.

आपल्याला मात्र त्यांना कुठे बसवायचं ते उमगलेलं नाही. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने इथल्या नेत्यांना न विचारता देश युद्धात ओढला. १९४२ मध्ये गावोगाव ‘चले जाव’ घुमत होतं, आणि त्याच युद्धात सुमारे २५ लाख भारतीय गणवेशात होते. कुणी त्यांना इंग्रजांचे चाकर म्हणतं, कुणी घाईघाईने स्वातंत्र्यवीरांच्या पंगतीला बसवतं. मला दोन्हींत आळस दिसतो. कोकणात भाताच्या खाचरावर कित्येक घरांचं भागत नव्हतं, पलटणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर चूल पेटायची. पगार राजाचा आणि रणगर्जना शिवछत्रपतींची, यात त्या जवानांना काही विसंगत वाटत असेल, असं मला वाटत नाही.

शौर्यपदकाच्या मानपत्रात घाडग्यांची शेवटची काही मिनिटं आहेत, तीही मारण्या-मरण्याची. आधीची बावीस वर्षं तिथे नाहीत. ती सरकारी दप्तरात शोधू नका. रायगड, रत्नागिरी, साताऱ्यातल्या अशा जवानांच्या घरांच्या माळ्यांवर पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यांत पेन्शनची कागदपत्रं आहेत, छावणीतून आलेली पत्रं आहेत. घर पाडून नवं बांधताना ती भंगारात जातात. तुम्ही सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीला विचारून ट्रंक उघडा, फोटो मागून घ्या, मागे नाव लिहा. पेन्सिलने, शाई पाझरते.

आणि कुलगुरू महोदय, हे कागद ठेवायला एक कोरडी खोली आणि दोन पोलादी कपाटं मी आपल्याकडे इथेच मागतो. भर सभेत नाही म्हणणं अवघड असतं, म्हणून तर मी दालनात येऊन विचारलं नाही.