हुकूम नेमका कधी होतो?

उन्हाळ्यात अकोल्या-अमरावतीकडे दुपारी घराबाहेर पडवत नाही. मग ओसरीवर मेंढीकोट रंगतो. चौघे भिडू, दोन जोड्या, प्रत्येकी 13 पाने आणि सगळा जीव चार दश्श्यांत.

झाकलेल्या हुकुमाचा डाव घ्या. पहिल्याने बदामचा एक्का टाकला. दुसऱ्याकडे बदाम नाही. हुकूम उघडा असे न म्हणता त्याने इस्पिकची तिर्री टाकली. तिसऱ्याने भिडूच्या एक्क्यावर बदामची दश्शी दिली. चौथ्याकडेही बदाम नाही. त्याने हुकूम उघडायला लावला, तर निघाले इस्पिक! त्याच्याजवळ इस्पिक नव्हते, पण भिडूची तिर्री होती ना.

"आमची तिर्री हुकमाची, दश्शी आमची!"

"तिर्री पडली तवा हुकूम झाकेलच होता ना बे!"

माझ्या मते तिर्री फुकटचीच. विचारायची संधी होती, ती त्याने सोडली.

पाने जमवून, अदलाबदल करून खेळायच्या पत्त्यांतही हाच घोळ. 1993 साली रिचर्ड गारफिल्ड यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' आला. कोणते पान आधी लागू, यावर 1999 मध्ये त्यात ताटांच्या चळतीसारखा नियम आला : उत्तरादाखल शेवटी टाकलेले पान आधी लागू. तिथे नियम छापलेले असतात, स्पर्धेत पंचही असतो.

आपल्याकडे बडनेऱ्याहून गाडी सुटताच अनोळखी भिडू जमतात, पाने वाटली जातात. तिर्रीचे काय, हे दश्शी पडल्यावरच निघते आणि अकोल्यापर्यंत पुरते.