अ‍ॅम्प छोटा, स्पीकर मोठा, तरी जळला कसा?

आजचा एपिसोड जरा लाजत लाजतच करतोय, कारण यात मी माझ्या मामाचे दोन स्पीकर जाळलेत. आणि हो, मी बीटेक आहे. ओहमचा नियम झोपेतसुद्धा सांगेन. तरीही जाळले.

झालं असं. आमचा पाच जणांचा बँड आहे. तिघं ऑफिसचे, दोघं कॉलेजचे. मी कीबोर्डवर. गणपतीत सहाव्या दिवशी एका मंडळासमोर वाजवायचं ठरलं. बजेट जवळजवळ शून्य. माझ्या मामाची साताऱ्याकडे छोटी साउंड सर्व्हिस आहे. त्याच्याकडून दोन बॉक्स मागून आणले. पंधरा इंची वूफर, वर हॉर्न. अ‍ॅम्प्लिफायर मात्र आमचाच, सेकंड हँड घेतलेला.

बॉक्सच्या मागच्या प्लेटवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं १६०० वॉट. आमचा अ‍ॅम्प एका चॅनलला २०० वॉट. मी सगळ्यांना छाती ठोकून सांगितलं, ‘आठपट हेडरूम आहे, बिनधास्त वाजवा.’

पहिली तीन गाणी मस्त गेली. मग गर्दी वाढली, मागून लोक ओरडायला लागले, ‘आवाज येत नाय!’ मी मास्टर थोडा वर घेतला. मग अजून थोडा. अ‍ॅम्पवरचा लाल क्लिपचा दिवा आधी लुकलुकत होता, नंतर जवळजवळ लागूनच राहिला. आरतीच्या ब्रेकनंतर पुन्हा सुरू केलं, तर झांजांचा आवाजच नाही. गाणाऱ्याचे स, श, च गायब. जणू स्पीकरवर कुणी गोधडी टाकलीय. दोन्ही हॉर्न गेले होते.

खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी त्याच बॉक्सवर मामाची दुसऱ्या मंडळाची सुपारी होती. त्याला दुसऱ्याकडून बॉक्स भाड्याने घ्यावे लागले आणि दिवसाची कमाई त्यातच गेली. गणपतीचे दहा दिवस म्हणजे या धंद्यातला सीझन. मामा चिडला नाही, एवढंच म्हणाला, ‘आवाज कमी पडत होता तर फोन करायचास. तो लाल दिवा काय शोभेला लावलाय का रे?’

तर आता पोस्टमॉर्टम. आमच्या ऑफिसात सर्व्हर पडला की करतो, तसंच.

पहिली चूक, प्लेट नीट वाचली नाही. स्पीकरवर बहुतेक वेळा तीन आकडे असतात. कंटिन्युअस, प्रोग्रॅम आणि पीक. प्रोग्रॅम हा साधारण कंटिन्युअसच्या दुप्पट, पीक चौपट. म्हणजे आमचा १६०० वॉटचा बॉक्स प्रत्यक्षात ४०० वॉट कंटिन्युअसचा होता. १६०० हा क्षणभराचा आकडा. हिशोब करताना कंटिन्युअसच धरायचा.

दुसरी चूक मोठी. ‘छोटा अ‍ॅम्प म्हणजे सेफ’ हे मी धरून चाललो. आता नीट ऐका. छोटा अ‍ॅम्प हळू वाजवला तर स्पीकरला काहीच होत नाही. तुमच्या घरातला स्पीकर रोज एखाद-दोन वॉटवर आरामात चालतो. पण अ‍ॅम्पच्या ताकदीपलीकडे सिग्नल दिला की तो वेव्हचं डोकं छाटतो. गोल टेकडीचं पठार होतं. त्यालाच क्लिपिंग म्हणतात. साइन वेव्ह छाटत छाटत पूर्ण चौकोनी झाली, तर २०० वॉटचा अ‍ॅम्प ४०० वॉटपर्यंत पॉवर टाकू शकतो.

आणि मरतो हॉर्न. का? संगीतात जास्त ताकद खालच्या सुरांत असते, ड्रम आणि बेसमध्ये. वरच्या सुरांचा वाटा थोडा, म्हणून हॉर्नची व्हॉइस कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते. क्लिपिंगमध्ये ड्रमचे ठोके छाटले जातात, पण मास्टर वर गेल्यामुळे बारीक आवाज वाढतच राहतो. त्यात छाटलेल्या कडांमधून नवीन हार्मोनिक्स तयार होतात. बॉक्समधला क्रॉसओव्हर हे सगळं इमानदारीत हॉर्नकडे पाठवतो. कॉइल तापते, आणि खेळ खल्लास.

मग अ‍ॅम्प केवढा घ्यायचा? नेहमीचा ठोकताळा असा: स्पीकरच्या कंटिन्युअस आकड्याच्या दीड ते दोन पट, त्याच ओहमला. आमच्या बॉक्सला म्हणजे ८ ओहमला ६०० ते ८०० वॉट. यात ड्रमच्या ठोक्याला न छाटता वर जायला जागा मिळते. पण एक अट आहे. मिक्सरवरचा माणूस शहाणा हवा आणि लिमिटर लावलेला हवा. फीडबॅकची लांब शिट्टी बसली तर मोठा अ‍ॅम्पसुद्धा स्पीकर मारतो. मिक्सरवर कोण असेल याची खात्री नसेल, तर कंटिन्युअसच्या बरोबरीचा अ‍ॅम्प घ्या आणि लाल दिवा लागू देऊ नका.

अजून एक गैरसमज. अ‍ॅम्पचं बटण अर्ध्यावर ठेवलं म्हणजे पॉवर अर्धी होत नाही. ते बटण फक्त इनपुट किती आत घ्यायचं ते ठरवतं. मिक्सरवरून जोरात सिग्नल आला, तर अर्ध्यावरसुद्धा अ‍ॅम्प पूर्ण ताकदीला पोचतो.

आता ओहम. ८ ओहमचे दोन बॉक्स एका चॅनलला पॅरलल जोडले की लोड ४ ओहम. तीन जोडले की साधारण २.७, चार जोडले की २. अ‍ॅम्पवर ‘कमीत कमी ४ ओहम’ लिहिलं असेल तर तिसरा बॉक्स जोडायचा नाही, विषय संपला. अ‍ॅम्प तापतो, प्रोटेक्शनला जातो, आणि ऐन गाण्यात शांतता पसरते.

वायरचंही बघा. २० मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबं. वायर १ स्क्वेअर एमएमची आणि लोड ४ ओहमचा असेल, तर साधारण १५ टक्के पॉवर वायर गरम करण्यातच जाते. २.५ ची घेतली तर साडेसहा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे अ‍ॅम्प शक्यतो स्टेजजवळ ठेवा.

आता मूळ प्रश्न. मागे आवाज पोचत नव्हता, त्याचं काय? पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला जेमतेम कळतं. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. उलट मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. समजा बॉक्सची सेन्सिटिव्हिटी ९७ आहे, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर ९७ डेसिबल. २०० वॉटला ते १२० होतात, पण १६ मीटरवर ९६ उरतात. ८०० वॉटचा अ‍ॅम्प लावला तरी तिथे १०२ च.

म्हणजे मला मोठा अ‍ॅम्प नको होता, मध्यावर अजून दोन बॉक्स हवे होते. फक्त त्यांना डिले द्यावा लागतो, कारण आवाजाला १६ मीटर जायला साधारण ४७ मिलिसेकंद लागतात. नाहीतर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

आणि फुकटचा उपाय: गाण्याच्या माइकला मिक्सरवरचा लो-कट लावा. स्टँडची धडधड आणि श्वासाचे ढप्प आवाज अ‍ॅम्पची ताकद उगाच खातात. ते गेले की गाण्याला जागा मिळते.

हे सगळं नको असेल, तर अ‍ॅक्टिव्ह स्पीकर भाड्याने आणा. अ‍ॅम्प आतच असतो, जुळवाजुळव कारखान्यातच झालेली असते. नवीन बँडला मी तेच सांगेन. लाल दिवा मात्र तिथेही असतो, हां.

मी मामाला दोन्ही डायफ्रॅमचे पैसे दिले. ते त्याने घेतले. भाड्याने आणलेल्या बॉक्सचे द्यायला गेलो, तर म्हणाला, ‘ते राहू दे. पुढच्या वर्षी चार दिवस माझ्याबरोबर वायरी ओढायला ये.’ गेलो. पहिल्याच दिवशी त्याने मला मिक्सरवर नाही, अ‍ॅम्पच्या रॅकसमोर खुर्ची दिली. काम एकच, लाल दिव्याकडे बघत बसायचं.

चार दिवसांत एकदाही लागला नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर आपापल्या स्पीकरची मागची प्लेट एकदा वाचून घ्या.